दुसऱ्या डिस्कमधला राजा

डिचोलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत विनिता गावस हिचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, जत्रेची हँडबिलं, 'कुत्र्यापासून सावध'च्या पाट्या, सगळं तिच्या एकाच कॉम्प्युटरवर तयार होतं. त्या कॉम्प्युटरनं निम्म्या तालुक्याची लग्नं लावली होती आणि आता त्याचं पोट भरलं होतं. रोज सकाळी कोपऱ्यात लाल पट्टी दाखवून तो 'जागा शिल्लक नाही' म्हणायचा. विनिता जुन्या पत्रिका पुसायला बसायची, पण एकही पुसायची नाही. नवराबायको अजून नांदतायत आणि आपण त्यांची पत्रिका पुसून टाकायची, हे तिला अशुभ वाटायचं.

शेवटी तिच्या धाकट्या भावानं तोड काढली. योगेश पेडण्याला राहायचा. वय चाळीस, नोकरी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायची. स्वभावानं इतका मऊ की तो येऊन गेला हे लोकांना दारातला कागद बघूनच कळायचं. त्याच्या गावात दरवर्षी जत्रेला नाटक व्हायचं. सतरा वर्षं तो त्या नाटकात भालदार होता. नाटकं बदलली, राजे बदलले, योगेश भाला घेऊन तिथंच उभा. त्याला एकच वाक्य असायचं, "आज्ञा, महाराज." तेही तिसऱ्या रांगेपलीकडे कधी पोचलं नाही.

यंदा तालमीत कुणीतरी त्याच्या लॅपटॉपवर सिंहासन ठेवलं. सागवानी सिंहासन होतं. लॅपटॉपची पोळी झाली, पण आतली एसएसडी डिस्क शाबूत निघाली. ती त्यानं बहिणीला आणून दिली.

"ताई, ही बरी आसा. जुन्या डिस्कच्या शेजारी बसव. एक वायर डेटाची, एक करंटची. काय कठीण नाय."

"आणि तुझा सामान आतला?"

"मगे काढतंय," योगेश म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

बुधवारी सकाळी नऊला विनितानं दुकान उघडलं, कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झडप काढली आणि आत तोंड घातलं. आतली धूळ बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं आधी ब्रशनं सगळं झाडून काढलं, मग तळहाताएवढी ती डिस्क रिकाम्या खाचेत बसवली, दोन वायरी जोडल्या आणि झडप लावून स्क्रू पिळले. एवढं सगळं आपल्याला जमलं म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पातळभाजी आणि दोन पाव मागवले.

तेवढ्यात दत्तारामबाब आले.

दत्ताराम कारापूरचे, वय अडुसष्ट, अंगात पांढरा सदरा, हातात छत्री. त्यांच्या धाकट्या मुलीचं, सिद्धीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि पत्रिकेचं सातवं प्रूफ काल संध्याकाळी ह्याच दुकानात, विनिताच्या शेजारी बसून, त्यांनी स्क्रीनवर मंजूर केलं होतं. आज फक्त छापून न्यायची होती.

सात प्रुफं लागली ती खाली यायच्या नावांमुळे. आपले विनीत, त्रेचाळीस जण. पांडुरंग आधी की कृष्णनाथ आधी, ह्यावर घराण्यात तीन बैठका झाल्या होत्या. कृष्णनाथ वयानं मोठा, पांडुरंग थोरल्या पातीचा. सहावं प्रूफ विनितानं मोबाइलवर पाठवलं, ते दहा मिनिटांत नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं आणि तिथं जो काही आगडोंब उसळला, त्यानंतर दत्तारामांनी सक्त ताकीद दिली होती, "ह्यापुढं मोबाइलवर काय धाडू नको. मी स्वतः येतलंय."

"बसा," विनिता म्हणाली. "आत्ताच नवी डिस्क घातलंय. आता कसो पळता बघा."

तिनं बटण दाबलं. पंखा घुमला. स्क्रीनवर काहीतरी गोल गोल फिरलं, जरा जास्तच वेळ फिरलं. आणि मग, पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट घातलेला योगेश स्क्रीनभर उभा राहिला. मिशी काजळानं काढलेली होती.

विनिता बघतच राहिली. तिच्या पडद्यावर गेली पाच वर्षं देवीचा फोटो होता.

तोच स्पीकरमधून गर्जना झाली, "कोण आहे रे तिकडे!"

दुकानाची खिडकी थरथरली. दत्ताराम बाकावरून ताडकन उठले, छत्री भाल्यासारखी उभी धरली आणि म्हणाले, "आज्ञा, महाराज!"

मग त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय केलं ते. ते ओशाळून खाली बसले. कॉम्प्युटर मात्र थांबला नव्हता.

"योगेशा, ऊठ! भालदार कोण? तू न्हय! राजा कोण? तू! हास बघू!" आणि त्यानंतर अर्धा मिनिट भरदार, गडगडाटी, राजाला शोभेल असं हसू.

शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातून रेश्मा धावत आली. तिच्या गळ्यात टेप होती आणि हातात कुणाचा तरी अर्धा ब्लाउज.

"कोण गो? कोण ओरडता?"

"माझो भाव," विनिता म्हणाली.

"खंय आसा?"

विनितानं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. रेश्मानं एकदा स्क्रीनकडे, एकदा टेबलाखाली बघितलं. "तो मीटरवालो? त्याका आवाज आसा?"

विनिताला आता वेगळीच काळजी लागली होती. पडद्यावर तिचं काहीच नव्हतं. 'पत्रिका' नावाचा फोल्डर नाही, देवनागरीचे टाइप नाहीत, काही नाही. होते ते 'मीटर', 'नाटक' आणि 'कोणी उघडू नये' असे तीन फोल्डर.

"आमची पत्रिका खंय?" दत्तारामांनी हळूच विचारलं.

"आसतली. थांबा, बंद करून चालू करतंय."

बंद करून चालू केला. गोल फिरलं, मुकुट आला. "कोण आहे रे तिकडे!"

"पोस्ट!" दारातून आवाज आला. पोस्टमन एक लिफाफा घेऊन उभा होता. गर्जना ऐकून त्यानं तो लांबूनच काउंटरवर सरकवला आणि निघून गेला.

तिसऱ्या खेपेला विनितानं आवाज बंद करायचं ठरवलं. पण तिच्या स्पीकरचं बटण मागच्या गणपतीपासून तुटलेलं होतं, तो एक तर गप्प असायचा नाही तर सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. ती वायर उपटायला वाकली, तर दत्ताराम म्हणाले, "रवांदे गो. आयकूया. 'कोण आहे' म्हणताना 'ण'वर जोर देता तो. बरा देता."

"दत्तारामबाब, तुमची पत्रिका दिसत नाय, आणि तुमी 'ण' आयकतास?"

त्यावर मात्र दत्ताराम भानावर आले.

विनितानं विचार केला. नवी डिस्क घातल्यावर घोटाळा झाला, म्हणजे नवी डिस्क काढली की घोटाळा जाईल. तिनं कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, झडप उघडली, योगेशची डिस्क सोडवून टेबलावर ठेवली. पुन्हा बटण दाबलं. आता देवी दिसेल म्हणून तिनं हातही जोडले.

देवी आली नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ आली. विनितानं ती दोनदा वाचली.

"काय म्हणता?" रेश्मानं विचारलं.

"सुरू होण्यासारखी डिस्कच नाय म्हणता."

"पण आसा ना तुझी जुनी?"

"माका दिसता. त्याका दिसत नाय."

पातळभाजी आली होती, तिच्यावर साय धरायला लागली. जुनी डिस्क मेली असेल तर काय काय गेलं, ह्याचा विनितानं मनात हिशेब लावायला सुरुवात केली आणि तो चौथ्याच लग्नाला सोडून दिला. दत्ताराम बाकावरून पुढं सरकले.

"विनिताबाय, ती नावां परत जुळवची लागतली?"

"तुमका याद आसत मगो? सांगा. मी लिहून घेतंय." तिनं वही ओढली.

दत्तारामांनी डोळे मिटले. "पयलो पांडुरंग. मगे... मगे..." त्यांनी डोळे उघडले. "मगे एक युक्ती केल्ली. कृष्णनाथाक दुसरो नंबर दिलो, पण त्याच्या बायलेचा नाव वयल्या चौकटीत घातला. 'विशेष आग्रह' म्हणून. आणि ताच्यानंतर मुरगावचे. की मुरगावचे शेवटाक?"

ते आठवेना, म्हणून त्यांनी घरी बायकोला फोन लावला. सुशीलाबाईंचा आवाज फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू येत होता. मुरगावचे शेवटाक कित्या, ते पयले आसचे, त्यांनीच हॉल बघून दिलो. दत्ताराम म्हणाले, अगो पण काल ठरला ना. बाई म्हणाल्या, काल माका कोणी इचारला? दत्तारामांनी फोन हळूच टेबलावर पालथा ठेवला. तो तिथूनही बोलत राहिला.

"कॉम्प्युटर गेलो तरी चलता," ते विनिताला म्हणाले, "पण ती यादी होयी. परत बैठक घेवची माझ्यात ताकद नाय."

विनितानं योगेशला फोन लावला. तो कुठल्यातरी वाड्यावर मीटर वाचत होता. मागं कुत्री भुंकत होती.

"योगेश, तुझी डिस्क घातलंय. माझो कॉम्प्युटर तुझो झालो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझो मुकुट दिसता. आणि ओरडता."

पलीकडे कुत्री आणखी जोरात भुंकली. "कोण... कोणी आयकला?"

"दत्तारामबाब, रेश्मा, पोस्टमन, आणि हॉटेलवालो पाव घेऊन आल्लो तो."

फोन कट झाला.

"आता तो येणार नाय," विनिता म्हणाली. "लहानपणी वर्गात बाईंनी नाव घेतला तरी घरी पळून यायचो."

पण तो आला. कोलवाळ, म्हापसा, अस्नोडा करत सव्वा तासात त्याची स्कूटर गल्लीत शिरली. तो आत आला तो डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून, काच खाली ओढून. कुणाकडे न बघता तो टेबलापाशी गेला. लॅपटॉप सुरू झाला की आपलीच गर्जना वाजेल अशी सोय करून ठेवल्याचं गुपित निम्म्या डिचोलीला कळलं होतं, पण बहिणीची अडचण त्याहून मोठी होती, एवढं त्याला रस्त्यात पटलं असावं.

"हेल्मेट काढ रे," रेश्मा म्हणाली.

"रवांदे," हेल्मेट म्हणालं.

त्यानं आधी स्वतःची डिस्क परत जोडली. बटण दाबलं आणि लगेच 'डिलीट'ची कळ टकटक दाबत राहिला. मुकुट आला नाही, त्याऐवजी एक करड्या रंगाचं पान आलं. कॉम्प्युटरच्या पोटात काय काय आहे त्याची यादी. योगेशनं काच वर केली आणि वाचलं.

"ताई, हयसर एकच डिस्क दिसता. माझी. तुझी त्याका गावतच नाय. म्हणून तो बिचारो जी गावली तिच्यावर सुरू झालो."

"मेली?" विनितानं विचारलं.

"मेली की सुटली, ता बघूया. तू सकाळी आत काय केलंस?"

"काय नाय. धूळ झाडलंय."

"जोरात?"

धूळ विनितानं घर सारवायच्या हिशेबानं झाडली होती.

योगेशनं प्लग काढला. आत नीट बघायचं तर हेल्मेट मध्ये येत होतं, ते त्यानं अखेर काढलं आणि चटकन टेबलाखाली शिरून डोकं कॉम्प्युटरच्या डब्यात घातलं. बाहेर फक्त त्याची पाठ आणि पायांतल्या चपला राहिल्या.

दत्ताराम मघापासून त्याला निरखत होते. ते विनिताच्या जवळ सरकले.

"विनिताबाय, तुका सांगतंय. आमच्या कारापुरात पंधरा दिसांनी नाटक आसा. दिग्दर्शक मी. पन्नास वर्सां करतंय. तरणो आसताना राणी करी, आता दिग्दर्शन. आणि राजा आमचो कायम कृष्णनाथ."

"तोच कृष्णनाथ?"

"तोच. पत्रिकेत दुसरो नंबर लागलो म्हणून रुसलो. 'ज्याका पयलो नंबर दिलास त्याकाच राजा कर' म्हणता. आणि पांडुरंगाक दम्याचो त्रास. एक वाक्य म्हटल्यार दोनदा बसता." त्यांनी टेबलाखालच्या पाठीकडे बघितलं. "मगाशी मशिनीत ओरडलो तो ह्योच मगो?"

"ह्योच."

दत्ताराम खाली वाकले. "रे योगेश! एकदा म्हणून दाखय."

चपला ताठ झाल्या. डब्यातून बारीक आवाज आला, "नको हो."

"कोण बघता? तुका आमी दिसतंव?"

"नाय."

"मगे? तू एकलोच आसस. वायरींच्या दरबारात. म्हण!"

रेश्मानं हातातला अर्धा ब्लाउज काउंटरवर ठेवला. आणि मग त्या पत्र्याच्या डब्यातून, आत्तापर्यंत स्पीकरमधून आला होता त्याच्या दुप्पट आवाज आला, "कोण आहे रे तिकडे!"

डब्याचा पत्रा घुमला. टेबलावरची पातळभाजी थरथरली. बाहेर उभ्या स्कूटरवरचा कावळा उडाला. दत्ताराम मात्र ह्या वेळी उठले नाहीत. ते समोर बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पंधरा दिवसांवर आलेल्या नाटकाला राजा मिळाला म्हणून की अजून काही आठवून, ते त्यांनाच ठाऊक.

"आणि ताई," डब्यातला राजा नेहमीच्या आवाजात म्हणाला, "गावला. तुझ्या जुन्या डिस्कची वायर अर्धीच आत आसा. दिसता बसल्यासारखी, पण बसूक नाय."

टक्. एवढासाच आवाज झाला.

योगेश बाहेर आला. कानाला कोळ्याचं जाळं लागलं होतं. त्यानं पुन्हा करडं पान उघडलं. आता यादीत दोन डिस्क होत्या. वर योगेशची, खाली विनिताची.

"अजून ह्याका वाटता की माझ्यावरनंच सुरू होऊचा," तो म्हणाला. "एकदा सवय लागली ना. आता तुझी वर घालतंय, माझी खाली."

"बघा," रेश्मा दत्तारामांना म्हणाली, "ह्यांच्यात बैठक घेऊची लागत नाय."

दत्तारामांनी तिच्याकडे जरा रागानंच बघितलं.

योगेशनं बाणाची कळ दाबून नावं वरखाली केली, जतन केलं, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. कुणी ओरडलं नाही. देवी आली, तिच्याभोवती विनिताचे चारशे फोल्डर आले. 'सिद्धी लग्न प्रूफ ७' तिनं उघडलं. पांडुरंग पहिला, कृष्णनाथ दुसरा, मुरगावचे सातवे, आठवे आणि नववे. दत्तारामांनी बोट ठेवून त्रेचाळीसही नावं वाचली. मग टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. सुशीलाबाई अजून बोलत होत्या.

"अगो, छापता आसा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रिंटर सुरू झाला. विनितानं गार झालेली पातळभाजी चौघांत वाटली, पावाचे तुकडे केले. योगेश उभ्यानंच खात होता. दत्तारामांनी त्याला कारापूरच्या नाटकाबद्दल विचारलं तेव्हा घास त्याच्या घशात अडकला, रेश्मानं पाठीवर थापट्या मारल्या.

"माका लोकांसमोर जमत नाय, बाब. मशिनीत जमता. सतरा वर्सां मी भालदार."

"सतरा वर्सां तू राजाच्या मागं उभो आसस," दत्ताराम म्हणाले. "राजा कसो करूचो ता तुझ्याहून जास्त कोणी बघितला नाय. आणि लोकांका बघूचाच नाय. तशी सोय करतंय मी. आज सांजेक तालीम आसा, माझ्या वांगडा चल."

योगेशनं बहिणीकडे बघितलं. विनिता पत्रिकांचा गठ्ठा बांधत होती. "जा," ती म्हणाली. "आणि ता 'कोणी उघडू नये' आधी काढून घे. डिस्क माका रिकामी होयी."

तो फोल्डर काढून घेताना त्यानं स्क्रीनवर हात आडवा धरला होता. त्यात काय होतं ते विनितानं विचारलं नाही. मग दत्तारामांना मागं बसवून, त्यांच्या मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा ठेवून, त्यानं स्कूटर कारापूरच्या दिशेनं काढली. गल्लीच्या तोंडापर्यंत दत्ताराम मागून त्याला चालीबद्दल सांगत होते, आणि योगेश हेल्मेटमधून होय होय म्हणत होता.

नाटक झालं. दत्तारामांनी शब्द पाळला. पहिल्या प्रवेशात त्यांनी सिंहासनच उलटं मांडलं. राजा प्रेक्षकांकडे पाठ करून बसला आणि मागच्या पडद्यावर रंगवलेल्या डोंगराला उद्देशून त्यानं सगळा दरबार चालवला. माइकवाल्यानं दुसऱ्याच वाक्याला माइक बंद करून टाकला, गरजच नव्हती. लोकांना वाटलं हे काहीतरी नव्या पद्धतीचं दिग्दर्शन आहे. पहिल्या रांगेत कृष्णनाथ हाताची घडी घालून बसला होता. दुसऱ्या अंकात राजा एका लांब वाक्यात अडखळला, तेव्हा त्यानं खालूनच ते वाक्य पुरवलं, आणि मग पुढचीही तीन पुरवली, कारण ती त्याला पाठ होती आणि राहवेना. लढाईच्या प्रवेशात योगेशला तोंड वळवावंच लागलं. वळवलं, आणि काही झालं नाही. तलवार तेवढी एकदा पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डिचोलीला बहिणीकडे जेवायला आला. गालावर अजून काजळाची रेघ होती.

"भियालंस काय रे?" विनितानं ताटात भात वाढत विचारलं.

"भियालंय तर," योगेश म्हणाला. "पण मुकुट ह्या खेपेक खऱ्या पितळेचो होतो. जड. मान हलवली तर पडतलो म्हणून मी सरळ बघित रवलंय. लोकांका वाटला, काय रुबाब आसा."

मग त्यानं सोलकढीची वाटी उचलली आणि घटाघट पिऊन, पहिल्यांदाच स्वतःहून, मोठ्यानं आणखी मागितली.